जांभळा लेझर डायोड: वीज कशी द्यायची, प्रकाश कसा मोजायचा

४०५ नॅनोमीटरचा जांभळा लेझर पहिल्यांदा लावणाऱ्याचा हमखास हिरमोड होतो. लाल पॉइंटरचा ठिपका भिंतीवर ठसठशीत दिसतो, हा मात्र विझत आलेल्या कोळशागत मंद. "सर, हा त लालपेक्षा कमीच दिसते ना, करंट वाढवू का थोडा?" हा प्रश्न विज्ञान प्रदर्शनाची तयारी करणाऱ्या प्रत्येक पोराच्या तोंडी येतो, आणि बहुतेक डायोड त्याच क्षणी जळतात. डायोड जळला तर निदान दुसरा आणता येतो, डोळ्याचं तसं नाही.

मंद दिसतो तो डोळ्यामुळे. माणसाचा डोळा हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला, ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, सगळ्यात जास्त दाद देतो. ६५० नॅनोमीटरच्या लालला तो त्याच्या दहाव्या हिश्शाएवढी दाद देतो आणि ४०५ला हजारात एक भागसुद्धा नाही. तेवढ्याच मिलिवॅटचा जांभळा ठिपका लालपेक्षा दीडशेपट फिका वाटतो तो यामुळे. पडद्यावर पोचणारी ऊर्जा मात्र तेवढीच असते. म्हणून या डायोडच्या बाबतीत डोळ्याने अंदाज घ्यायचा नाही. करंट मीटरवर मोजायचा आणि प्रकाश उष्णतेवर. दोन्हीची साधनं गावात बसून, तालुक्याच्या बाजारातल्या सामानातून होतात.

आधी डोळे, मग बाकी सगळं

५ मिलिवॅटच्या वरचा आणि ५०० मिलिवॅटपर्यंतचा लेझर ३बी वर्गात येतो. घरी वापरले जाणारे बहुतेक सुटे जांभळे डायोड याच वर्गातले. थेट किरण किंवा आरशासारख्या पृष्ठभागावरून उलटलेला किरण डोळ्यात गेला तर क्षणात कायमची इजा होते. लाल-हिरव्या प्रकाशाने निदान डोळे दिपतात आणि पापणी मिटते. जांभळा इतका मंद भासतो की पापणी मिटायचं कारणच कळत नाही.

लेझरपासून डोळे वाचवणारा चष्मा घेताना काचेचा रंग पाहू नका, त्यावर छापलेला आकडा पाहा. ४०५ नॅनोमीटर ज्या पट्ट्यात बसतो त्या पट्ट्यासाठी ओडी ४ किंवा जास्त लिहिलेलं असावं. ओडी ४ म्हणजे दहा हजारात एक भाग पलीकडे जातो. विकतच्या लेझरसोबत फुकट येणाऱ्या लाल प्लास्टिकच्या चष्म्यावर काहीच छापलेलं नसेल तर तो खेळण्यातला समजावा.

आपल्याकडची एक खास अडचण आहे. आपण बरंचसं काम जमिनीवर मांडी घालून करतो. जमिनीवर ठेवलेल्या लेझरचा किरण बरोबर रांगत्या पोराच्या आणि मांजरीच्या डोळ्यांच्या उंचीला येतो. काम टेबलावर करा, किरण खोलीच्या आंधळ्या कोपऱ्याकडे वळवा आणि समोर भाजलेल्या विटेचा खरबरीत तुकडा उभा करा. वीट प्रकाश शोषते आणि उरलेला विखरून टाकते, घरगुती अडसर म्हणून तिच्याइतकं सोपं काही नाही. समोरच्या भिंतीजवळचं स्टीलचं कपाट, मांडणीवरची ताटं, हातातलं घड्याळ, बांगड्या हे सगळं किरणाच्या वाटेतून बाजूला. दाराला आतून कडी.

जाता जाता सांगतो. रोही आणि रानडुकरं हाकलायला लेझर लावावा का, असं शेतकरी भाऊ विचारतात. नाही. जनावराचा डोळाही डोळाच आहे, आणि रात्री किरण बांधावरून पुढे कुठवर जातो ते कुणाच्या हातात नसतं. विंचू शोधायलाही लेझर नको. विंचू हिरवट चमकतो हे खरं, पण त्यासाठी ३९५ नॅनोमीटरचा साधा यूव्ही टॉर्च जास्त कामाचा, कारण त्यात अख्खा कोपरा एकदम दिसतो.

डायोड कोणता

भंगारवाल्याकडच्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये जांभळा डायोड सापडत नाही. सीडीसाठी ७८० आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटर वापरतात. ४०५ येतो ब्लू-रे ड्राइव्हमध्ये, आणि त्या आपल्या भागात फारशा आल्याच नाहीत. गॅलियम नायट्राइडचे हे डायोड १९९०च्या दशकाच्या मध्यात जपानमध्ये निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी चालवून दाखवले. त्याच पदार्थाच्या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

तेव्हा डायोड विकतच घ्या, आणि डेटाशीट, म्हणजे कंपनीचा माहितीचा कागद, असलेलाच घ्या. नागपूरला सीताबर्डीत किंवा ऑनलाइन दोन प्रकार मिळतात: सुटा डायोड, आणि १२ मिलिमीटरच्या पितळी नळीत लेन्ससकट बसवलेलं मॉड्यूल. मॉड्यूलच्या मागे छोटी हिरवी पट्टी असेल तर ड्रायव्हर, म्हणजे करंट आवरणारं सर्किट, आतच आहे. त्याला पुन्हा आपला करंट ड्रायव्हर जोडू नका, दोघं एकमेकांशी भांडतात. या लेखातलं सर्किट सुट्या डायोडसाठी किंवा ड्रायव्हर नसलेल्या मॉड्यूलसाठी आहे.

डेटाशीटमधून चार गोष्टी वहीत उतरवा: थ्रेशोल्ड करंट (ज्याच्या वर डायोड लेझर देऊ लागतो तो), जास्तीत जास्त करंट, चालताना पडणारा व्होल्टेज आणि कवचाचं कमाल तापमान. छोट्या जांभळ्या डायोडचा थ्रेशोल्ड साधारण २५ ते ४० मिलिअँपिअर असतो आणि त्यावर ५ व्होल्टच्या आसपास पडतात. पाचवी गोष्ट पायांची. डायोडचं धातूचं कवच एखाद्या पायाला आतून जोडलेलं असू शकतं. तसं असेल तर हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) पेटीला किंवा बॅटरीच्या तारेला टेकता कामा नये.

वीज: फवारणी पंपाची बॅटरी

भिंतीतल्या सॉकेटवरून हे डायोड चालवू नका. कृषिपंप सुरू-बंद होताना लाइन उसळ्या मारते हे एक कारण, पण मोठं कारण वेगळं आहे. स्वस्त अॅडॉप्टरमध्ये आत एक कपॅसिटर असतो, त्यातून मेन्सचा किंचित करंट आउटपुटला झिरपतो. अर्थिंग नसलेल्या घरात अशा अॅडॉप्टरच्या पिनला बोट लावलं की जी चुणचुण जाणवते ती हीच. आपल्याला चुणचुण, डायोडला मरण.

त्यापेक्षा पाठीवरच्या बॅटरीवाल्या फवारणी पंपातली १२ व्होल्टची सीलबंद बॅटरी काढा. कापसाच्या गावात ती घरोघरी असते आणि फवारणीचा हंगाम सरला की पडून राहते. पूर्ण भरलेली बॅटरी १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवते. लेझर ५०-६० मिलिअँपिअरवर चालतो, म्हणजे ७ अँपिअर-अवरची बॅटरीही कितीतरी तास पुरते. दोन अटी पाळा. चार्जर लावलेला असताना लेझर चालवायचा नाही. आणि बॅटरीच्या पॉझिटिव्ह तारेवर, टर्मिनलच्या अगदी जवळ, ५०० मिलिअँपिअरचा फ्यूज घालायचा. लेड-अॅसिड बॅटरी शॉर्ट झाली की तार लालबुंद होते.

९ व्होल्टचा चौकोनी सेल इथे चालत नाही. पुढच्या सर्किटला डायोडचे ५, मोजमापाच्या रेझिस्टरवरचा अर्धा, रेग्युलेटरच्या (करंट आवरणाऱ्या चिपच्या) संदर्भाचे सव्वा आणि रेग्युलेटरला स्वतःला दीड-पावणेदोन व्होल्ट लागतात. बेरीज साडेआठच्या घरात जाते आणि तो सेल थोड्याच वेळात त्याखाली घसरतो.

ड्रायव्हर

लेझर डायोडला ठरावीक व्होल्टेज द्यायचा नसतो, ठरावीक करंट द्यायचा असतो. थ्रेशोल्डच्या वर व्होल्टेज जराही सरकला तर करंट भसकन वाढतो. स्विचिंगवाले छोटे ड्रायव्हर बाजारात मिळतात, पण शिकण्यासाठी आणि मोजण्यासाठी एलएम३१७ या तीन पायांच्या रेग्युलेटरसारखं शांत, साधं काही नाही.

छापील बाजू आपल्याकडे करून एलएम३१७ धरला की डावीकडून पहिला पाय अॅडजस्ट, मधला आउटपुट, तिसरा इनपुट. बॅटरीचा पॉझिटिव्ह फ्यूज आणि स्विचमधून इनपुटला. आउटपुट आणि अॅडजस्ट यांच्यामध्ये एक रेझिस्टर. डायोडकडे जाणारी तार अॅडजस्टच्या पायावरून निघते, आउटपुटवरून नाही. रेग्युलेटर त्या रेझिस्टरवर १.२५ व्होल्ट कायम राखतो, म्हणून करंट म्हणजे १.२५ भागिले ओहम.

इथे प्रीसेट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टर, लावायचा मोह होतो, तो आवरा. प्रीसेट चुकून शून्याला गेला तर एलएम३१७ अर्धा-एक अँपिअर सोडायला कमी करणार नाही. बाजारात सहज मिळणारे सुटे रेझिस्टर घ्या आणि दोन स्क्रूच्या कनेक्टरमध्ये एकेक बसवा. ६८ ओहमला १८ मिलिअँपिअर मिळतात, ५६ला २२, ४७ला २७, ३९ला ३२, ३३ला ३८, २७ला ४६ आणि २२ला ५७. एवढ्यात डायोडचा सगळा स्वभाव कळतो. तुमच्या डायोडची कमाल मर्यादा कमी असेल तर तिच्या वरचे रेझिस्टर टेबलावर आणूच नका. दर वेळी स्विच बंद करूनच रेझिस्टर बदलायचा.

आता डायोडभोवतीचं सामान. एक साधा १एन४००७ डायोड लेझरच्या दोन पायांमध्ये उलटा जोडायचा, म्हणजे त्याची चंदेरी पट्टी लेझरच्या पॉझिटिव्ह पायाकडे. उलटा व्होल्टेज आला तर तो अंगावर घेईल. त्याच दोन पायांमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याला समांतर १० किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे बंद केल्यावर कपॅसिटर लगेच रिकामा होतो. इनपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक. शेवटी लेझरचा निगेटिव्ह पाय आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामध्ये १० ओहम, १ टक्का अचूकतेचा मेटल फिल्म रेझिस्टर.

करंट मोजायला बरेच लोक १ ओहम वापरतात, कारण मग १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मिलिअँपिअर. हिशोब सोपा होतो, पण मला तो पटत नाही. स्वस्त मल्टिमीटरच्या लीडचाच रेझिस्टन्स काही दशांश ओहम असतो, त्यामुळे तुमचा १ ओहम खरोखर १ आहे का हे घरी तपासणं अवघड. १० ओहमला ही कटकट नाही. मीटर २ व्होल्टच्या रेंजवर ठेवा. ४६ मिलिअँपिअरला ०.४६ व्होल्ट दिसतील. मीटरची करंटची रेंज वापरून त्याला सर्किटच्या मध्ये घालू नका. लीड सैल होऊन पुन्हा टेकली तर काय होतं ते पुढे येतंच.

खोट्या डायोडवर परीक्षा

लेझर अजून पाकिटातच राहू द्या. सात १एन४००७ एकामागे एक जोडा, ५० मिलिअँपिअरला त्यांच्यावर मिळून ५ व्होल्टच्या आसपास पडतात. हा आपला खोटा लेझर. तो लेझरच्या जागी जोडून सातही रेझिस्टर बदलत जा आणि १० ओहमवरचा व्होल्टेज वहीत लिहा. मग सातऐवजी चारच डायोड ठेवून तेच पुन्हा करा. ड्रायव्हर नीट असेल तर आकडे जवळजवळ तेच राहतील. चार डायोडला करंट वाढला तर समजा, तार आउटपुटच्या पायावरून निघाली आहे.

२२ ओहमवर दहा मिनिटं चालू ठेवून एलएम३१७ला हात लावा. त्यावर एक तृतीयांश वॅटच्या आत-बाहेर उष्णता निघते. कोमट लागला तर ठीक, चटका बसला तर कुठेतरी चूक आहे. जवळच्या पॉलिटेक्निकमध्ये ऑसिलोस्कोप पाहायला मिळाला तर १० ओहमवर प्रोब लावून स्विच चालू-बंद करा आणि चालू होतानाची उसळी बघा. मल्टिमीटरला ती कधीच दिसत नाही.

आता त्या सैल लीडबद्दल. ड्रायव्हर चालू असताना डायोडची तार सुटली तर ड्रायव्हर करंट रेटायचा प्रयत्न करतो, वाट सापडत नाही, आणि कपॅसिटरवर जवळजवळ बॅटरीएवढा व्होल्टेज चढतो. तार पुन्हा टेकली की तो सगळा साठा एका फटक्यात ५ व्होल्टच्या डायोडमधून जातो. क्षणभर लखलखाट, आणि नंतर तो डायोड फक्त फिक्या एलईडीसारखा चमकतो, लेझर होत नाही. मगरीच्या चिमट्यांवर चालवलेले बहुतेक डायोड असेच जातात. म्हणून डायोडच्या वाटेत स्विच नको, सॉकेट नको, चिमटे नकोत. सगळं सोल्डर करायचं, आणि स्विच फक्त बॅटरीच्या बाजूला.

डायोड हातात घेताना

पावसाळ्यात विदर्भात स्टॅटिकची फारशी काळजी नसते. डिसेंबर ते मे मात्र हवा इतकी कोरडी की नायलॉनची साडी किंवा टेरिकॉटचा शर्ट अंगावरून काढताना चटचट आवाज येतो. तोच चटका डायोडच्या पायाला लागला तर तो बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून गेलेला असतो. सुती कपडे घाला, प्लास्टिकच्या खुर्चीऐवजी लाकडी स्टूल घ्या, टेबलावर ओलसर करून पिळलेलं सुती फडकं अंथरा. १ मेगाओहमचा रेझिस्टर असलेला मनगटाचा पट्टा मिळाला तर उत्तम, पण तो खऱ्या अर्थिंगला जोडा. पंख्याच्या बोर्डावरच्या तिसऱ्या भोकाला जोडल्याने काही होत नाही, कारण बऱ्याच घरांत त्यामागे तारच नसते.

डायोडचे तिन्ही पाय बारीक उघड्या तारेने गुंडाळून एकमेकांना शॉर्ट करा. सोल्डरिंगची इस्त्री तापवा, प्लग काढा, मग टाका मारा. एका पायाला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त नाही. जोडण्याआधी ड्रायव्हरच्या आउटपुटला मीटर लावून शून्य व्होल्ट आहेत ना ते बघा. सगळं पक्कं झाल्यावर शॉर्टची तार सोडवा.

हीटसिंक विसरू नका. ४६ मिलिअँपिअर आणि ५ व्होल्ट म्हणजे २३० मिलिवॅट आत जातात. त्यातले वीसेक प्रकाश होऊन निघतात, बाकी सगळी उष्णता. पितळी नळी अॅल्युमिनियमच्या जाड तुकड्यात थर्मल पेस्ट लावून आवळून बसवा.

पहिलं पेटवणं

चष्मा डोळ्यांवर, वीट समोर, ६८ ओहम कनेक्टरमध्ये. चालू करा आणि १० ओहमवर ०.१८ व्होल्ट येतात का बघा. फिकट जांभळी चमक दिसेल, किरण नाही. थ्रेशोल्डच्या खाली डायोड एलईडीसारखा वागतो. बंद करा, ५६ लावा, पुन्हा चालू. असं एकेक पायरी वर जाताना दर वेळी दोन व्होल्टेज लिहा: १० ओहमवरचा आणि डायोडच्या दोन पायांवरचा. डायोडवरचा व्होल्टेज करंटसोबत हळूहळू चढला पाहिजे. एखाद्या पायरीला तो अचानक खाली आला तर तिथेच थांबा.

ठिपका बघायचाच असेल तर विटेवर पडलेला बघा, मोबाइलच्या पडद्यातून. किरण थेट कॅमेऱ्यात जाऊ देऊ नका, सेन्सरवर कायमचा डाग पडतो. पांढऱ्या कागदावर किंवा धुतलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर ठिपका एकदम निळा आणि भडक दिसतो. ती कागदातल्या आणि साबणातल्या उजळकाची चमक आहे, डायोडची ताकद नव्हे.

प्रकाश मोजणं, पहिला भाग: वक्राचा आकार

यासाठी एक छोटा सिलिकॉन सोलर सेल पुरतो, बागेतल्या मोडक्या सोलर दिव्यातला चालेल. मात्र एकच सेल हवा. अनेक पट्ट्या जोडलेला असेल तर एक पट्टी सोडून बाकीच्या उपयोगाच्या नाहीत. सेलच्या दोन टोकांना १० ओहम लावा आणि त्यावरचे मिलिव्होल्ट मोजा. वाचन १०० मिलिव्होल्टच्या आत राहिलं तर सेलचा करंट प्रकाशाच्या प्रमाणात वाढतो असं धरायला हरकत नाही.

किरण एका बिंदूवर पडला तर तो बिंदूच तृप्त होतो आणि मोजमाप खोटं येतं. म्हणून सेलवर पांढऱ्या टेफ्लॉन टेपचे पाच-सहा पदर लावा. पाइप फिटिंगच्या दुकानात नळाच्या आट्यांना गुंडाळायला मिळते तीच. कागद नको, तो स्वतःच चमकतो. टेफ्लॉन चमकत नाही, नुसता प्रकाश पसरवतो. खोली अंधारी करा, लेझर बंद असतानाचं वाचन प्रत्येक आकड्यातून वजा करा.

आडव्या अक्षावर करंट, उभ्यावर मिलिव्होल्ट असा आलेख वहीतल्या चौकटीच्या पानावर काढा. आधी जवळजवळ सपाट रेघ, मग कोपरा, मग सरळ चढ. चढाची रेघ पट्टीने खाली वाढवली की ती आडव्या अक्षाला जिथे छेदते तो तुमचा थ्रेशोल्ड. डेटाशीटमधल्या आकड्याशी ताडून बघा. तीन-चार मिलिअँपिअरचा फरक चालतो. पंधराचा असेल तर डायोड दुखावलेला आहे.

या सेलवरून थेट मिलिवॅट मात्र काढू नका. एक फोटॉन एक इलेक्ट्रॉन देतो असं मानलं तरी सिलिकॉन ४०५ला प्रत्येक वॅटमागे फार तर ०.३३ अँपिअर देऊ शकतो, ६५०ला ०.५२. प्रत्यक्षात जांभळ्याला आणखी कमी, आणि किती कमी हे सेलागणिक बदलतं. लालवर जुळवलेलं स्वस्त लेझर मीटर जांभळ्याला कमी दाखवतं, ते याच कारणाने.

दुसरा भाग: काजळीची पट्टी

उष्णतेला रंग कळत नाही, आपला फायदा तिथेच आहे. काळ्या पट्टीवर लेझर टाकला की ती थोडी तापते. त्याच पट्टीला विजेने तेवढंच तापवायला किती मिलिवॅट लागले ते मोजलं की लेझरचेही मिलिवॅट कळले. विजेचं मोजमाप आपल्याला पक्कं येतं, म्हणून महागड्या मीटरची गरज उरत नाही.

१ सेंटिमीटर चौरसाच्या पातळ अॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या कापा. चिमट्यात धरून तेलाच्या दिव्याच्या ज्योतीवर एक बाजू फिरवा, मखमली काजळी बसेल. त्या बाजूला पुन्हा बोट लावायचं नाही. मागच्या बाजूला एकेक १०० ओहमचा छोटा मेटल फिल्म रेझिस्टर आणि १० किलोओहमचा एनटीसी थर्मिस्टर (तापला की ज्याचा रेझिस्टन्स कमी होतो तो) अॅराल्डाइटने चिकटवा. तारा शक्य तितक्या बारीक हव्यात, जाड तार उष्णता पळवते. पंखे रिवाइंड करणाऱ्याकडे जी केसासारखी एनॅमलची तार असते ती हातभर मागून आणा. टोकांचं एनॅमल ब्लेडने खरवडा.

एका पट्टीवर लेझर पडणार, दुसरी फक्त सोबतीला. दोन्ही थर्मिस्टर एकामागे एक जोडून २ पेन्सिल सेलच्या ३ व्होल्टवर टाका, शेजारी १० किलोओहमचे २ सारखे रेझिस्टर तसेच जोडा, आणि दोन्ही जोड्यांच्या मध्यबिंदूंमधला फरक मिलिव्होल्टमध्ये वाचा. खोलीचं तापमान बदललं तर दोन्ही पट्ट्या सोबत बदलतात आणि फरक जवळजवळ तोच राहतो. फक्त एक पट्टी तापली की आकडा हलतो, एका अंशाला साधारण ३० मिलिव्होल्ट. सगळं चहाच्या पत्र्याच्या डब्यात बसवा आणि लेझरसाठी बोटाएवढं भोक ठेवा. डबा नसेल तर पंख्याची झुळूकही आकडा नाचवते.

आधी विजेने. रेझिस्टरला २ पेन्सिल सेल आणि ५०० ओहमचा प्रीसेट लावून १ व्होल्ट द्या: १० मिलिवॅट. १.५ व्होल्टला २२.५, २ व्होल्टला ४०. व्होल्टेज रेझिस्टरच्या पायांवरच मोजा. प्रत्येक वेळी आकडा स्थिरावेपर्यंत थांबा, पाच-सात मिनिटं सहज लागतात. इथे घाई केली की सगळं मुसळ केरात. मिळालेल्या आकड्यांचा आलेख बऱ्यापैकी सरळ येतो.

मग रेझिस्टर मोकळा करा, पट्टी निवू द्या, आणि लेझर भोकातून काजळीवर टाका. लेन्स फिरवून ठिपका अर्धा सेंटिमीटर पसरवा. बारीक ठिपक्याने काजळी जळून खाली चकचकीत अॅल्युमिनियम उघडं पडतं. समजा २ व्होल्टला, म्हणजे ४० मिलिवॅटला, २१० मिलिव्होल्ट आले होते आणि लेझरला १०५ आले. लेझरची उष्णता २० मिलिवॅट. काजळी पाचेक टक्के परत फेकते असं धरून २१ म्हणा. ही पद्धत दहा टक्क्यांच्या आत उत्तर देते आणि घरगुती कामाला तेवढं भरपूर आहे. असं एका-दोन करंटला करा आणि सोलर सेलच्या आलेखाला हीच मापपट्टी लावा. आता प्रत्येक करंटचे मिलिवॅट तुमच्याकडे आहेत.

सोलर सेलचा आणखी एक उपयोग: चष्म्याची काच किरणाच्या वाटेत धरून वाचन किती पडतं ते बघता येतं. वाचन जेमतेम अर्ध्यावर आलं तर चष्मा सरळ फेका. मीटरने ०.० दाखवलं तरी मात्र हुरळून जाऊ नका. ६० मिलिव्होल्टवरून ०.१च्या खाली गेलं एवढंच त्यातून कळतं, म्हणजे सहाशेपट. दहा हजारपट रोखतो की नाही हे तुमच्या मीटरच्या कुवतीबाहेरचं आहे. ही परीक्षा वाईट चष्म्याला नापास करते, चांगल्याला पास करत नाही.

मे महिना

डिसेंबरच्या पहाटेचं आणि मेच्या दुपारचं माप जुळत नाही. पारा ४५ला टेकला की डायोडचा थ्रेशोल्ड वर सरकतो, त्याच करंटला प्रकाश कमी निघतो. अशा वेळी करंट वाढवून भरपाई करू नका. आधीच तापलेला डायोड आणखी तापतो, प्रकाश पुन्हा घसरतो, आणि हे चक्र डायोड संपल्यावरच थांबतं. थर्मिस्टरचंही तसंच, २५ अंशांना १० किलोओहम असलेला ४५ला साडेचारच्याही खाली येतो. म्हणून विजेचं जुळवणं आणि लेझरचं मोजमाप एकाच बैठकीत करा, कूलर बंद ठेवून. उन्हाळ्यात पहाटे पाचला उठून काम उरकणं सगळ्यात सोयीचं. जिनिंगच्या हंगामात हवेतली रुई लेन्सवर बसते. मोजमापाआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या थेंबाने ती पुसून घ्या.

प्रदर्शनाची पेटी

मोजलेला, ताब्यातला २० मिलिवॅटचा लेझर असेल तर हळद आणि पालक यांचा प्रयोग बघण्यासारखा होतो. भौगोलिक मानांकन मिळालेली वर्ध्याकडची वायगावची हळद मिळाली तर उत्तम, नाहीतर घरातली चालेल. चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये ढवळून गाळा. दुसऱ्या बाटलीत पालकाची पानं ठेचून स्पिरिटमध्ये भिजवा आणि हिरवं पाणी गाळून घ्या. जांभळा किरण हळदीच्या द्रावणातून गेला की त्याची वाट हिरवट-पिवळी उजळते. पालकाच्या हिरव्या पाण्यात ती लाल होते. हिरव्यातून लाल निघालेलं पाहून मोठी माणसंही खाली वाकून बघतात, आणि म्हणूनच हे उघड्यावर करायचं नाही.

काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश उलटतो. २० मिलिवॅटचे ४ टक्के म्हणजे ०.८ मिलिवॅट, आणि गोल बाटलीवरून तो कुठल्याही दिशेला जातो. प्लायवूडची पेटी करा, आतून काळा मॅट रंग द्या, किरणाच्या शेवटी विटेचा तुकडा चिकटवा. बघायची खिडकी किरणाच्या रेषेत नको, बाजूला ठेवा, आणि तिला नारिंगी अॅक्रिलिक लावा. अॅक्रिलिक ४०५ किती अडवतं ते सोलर सेलने आधी तपासा. झाकणाला मायक्रोस्विच बसवून तो बॅटरीच्या तारेत घाला. झाकण उघडलं की लेझर बंद. किल्लीचा स्विचही लावा आणि किल्ली शिक्षकांच्या खिशात ठेवा.

पेटीवर ठळक अक्षरात लिहा: ४०५ नॅनोमीटर, वर्ग ३बी, मोजलेली शक्ती इतके मिलिवॅट, करंट इतका, मोजल्याची तारीख आणि त्या वेळचं खोलीचं तापमान. बाटल्यांची झाकणं घट्ट लावा, स्पिरिट पेट घेतं. दोन्ही द्रावणं उजेडात लवकर फिकी पडतात, ती आदल्या रात्री करून न ठेवता प्रदर्शनाच्या सकाळी ताजी करा आणि बाटल्यांना लागेपर्यंत काळा कागद गुंडाळून ठेवा.